जुने रॉक अल्बम सराउंडमध्ये ऐकायचेत? आधी मिक्स करणाऱ्याचं नाव शोधा

घरी पाच स्पीकर आणि सबवूफर आहे, त्यावर सिनेमे बघून झालेत, आणि कुणीतरी सांगितलं की पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ यावर लावून बघ. बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. मग शोधायला बसलं की क्वाड, एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, डीटीएस, अ‍ॅटमॉस अशी नावं अंगावर येतात, आणि प्रत्येक नावामागे कुणीतरी अमुकच प्लेअर घ्या, तमुकच केबल घ्या असं बजावत असतं. त्यातलं निम्मं तरी सोडून देण्यासारखं असतं. खरा फरक दोन गोष्टींनी पडतो: मिक्स कुणी आणि कशावरून केलाय, आणि तुमचे स्पीकर खोलीत कुठे ठेवलेत. केबलचा नंबर फार नंतर लागतो.

साठ-सत्तरच्या दशकातला रॉक आधीपासून आवडतो, स्टिरिओत भरपूर ऐकलाय, पण सराउंड कधी नीट ऐकला नाही, अशा माणसाला समोर ठेवून हे लिहितोय.

मिक्स खरा आहे का, ते बघा

त्या काळात स्टुडिओत गाणं मल्टिट्रॅक टेपवर उतरायचं. एकाच रुंद टेपवर समांतर ट्रॅक असत, एकावर ड्रम, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर आवाज असं. बीटल्सनी १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ केला तेव्हा हाताशी चारच ट्रॅकची मशीन होती. १९६९ मध्ये किंग क्रिमसनच्या पहिल्या अल्बमला आठ मिळाले, १९७३ च्या ‘डार्क साइड’ला सोळा, १९७५ मध्ये क्वीनच्या ‘अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा’ला चोवीस. हे सगळे ट्रॅक शेवटी डाव्या-उजव्या अशा दोन चॅनेलमध्ये बसवले जात. आपण आजवर ऐकला तो स्टिरिओ मिक्स म्हणजे हा शेवटचा निकाल.

रीमास्टर आणि रीमिक्स हे दोन शब्द इथे वेगळे ठेवायला हवेत. रीमास्टर म्हणजे तयार भाजीत वरून मीठ-लिंबू सारखं करणं. रीमिक्स म्हणजे तीच भाजी चिरण्यापासून पुन्हा करणं. सराउंडसाठी रीमिक्सच लागतो, कारण दोन चॅनेलमध्ये एकदा मिसळलेला आवाज मूळ मल्टिट्रॅक टेपकडे गेल्याशिवाय नीट सुटा होत नाही.

तिसरा प्रकार अपमिक्स. यात यंत्र स्टिरिओतल्या आवाजाचा अंदाज घेऊन तो मागच्या स्पीकरमध्ये सोडतं. रिसीव्हरवर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरवर, ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘डीटीएस न्यूरल:एक्स’ लावलं की हेच होतं. टीव्हीवरच्या क्रिकेटसाठी ठीक आहे. पण त्यावर एखादा अल्बम ऐकून ‘सराउंडमध्ये काही मजा नाही’ असं मत बनवू नका.

चार ट्रॅकच्या अल्बमचं पाच चॅनेलमध्ये काय करणार, असा प्रश्न साहजिक आहे. ‘सार्जंट पेपर’च्या वेळी चार ट्रॅक भरले की ते दुसऱ्या मशीनवर एकत्र उतरवून जागा मोकळी करत आणि त्यावर पुढचं रेकॉर्डिंग करत. प्रत्येक उतरवणीत आवाज थोडा मळायचा आणि आधीचे ट्रॅक एकमेकांत कायमचे चिकटायचे. पण आधीच्या टेप जपून ठेवलेल्या होत्या. २०१७ च्या रीमिक्ससाठी जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी त्या पहिल्या पिढीच्या टेप काढल्या आणि संगणकावर एकमेकींशी जुळवल्या. म्हणजे १९६७ मध्ये चिकटलेले ट्रॅक पन्नास वर्षांनी पुन्हा सुटे झाले. २०२२ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ला तेही पुरेसं नव्हतं, कारण ड्रम, बेस आणि गिटार मुळातच एका ट्रॅकवर वाजवलेले होते. तिथे सिनेदिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने बनवलेलं मशीन लर्निंगचं तंत्र वापरून एका ट्रॅकमधली वाद्यं वेगळी केली.

म्हणून डिस्क घेण्याआधी कव्हरवर किंवा पुस्तिकेत ‘मिक्स्ड इन ५.१ बाय’ (५.१ म्हणजे पाच चॅनेल आणि एक सबवूफरचा) अशा शब्दांपुढे माणसाचं नाव आहे का, ते बघा. नाव नसेल आणि नुसतं ‘सराउंड साउंड’ लिहिलेलं असेल, तर पैसे खिशात ठेवा.

कुणाची नावं शोधायची?

स्टीव्हन विल्सन हे पहिलं. हा स्वतः पॉर्क्युपाइन ट्री बँडचा संस्थापक. २००९ पासून त्याने किंग क्रिमसन, मग जेथ्रो टल, येस, जेंटल जायंट यांचे अल्बम एकामागून एक ५.१ मध्ये केले. तो आधी मूळ स्टिरिओ मिक्स जसाच्या तसा पुन्हा उभा करतो. कुठल्या शब्दावर किती एको आहे, गिटार कुठे वर येते, सगळं जुळलं की मगच ते पाच चॅनेलमध्ये पसरवतो. त्यामुळे त्याच्या हातून गेलेला अल्बम ओळखीचा राहतो. सुरुवात करणाऱ्याला मी डोळे मिटून विल्सनच सुचवेन.

एलियट शायनर हा अमेरिकी इंजिनिअर स्टीली डॅनच्या अल्बममुळे नावाजलेला. ईगल्सचा ‘होटेल कॅलिफोर्निया’ आणि क्वीनचा ‘अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा’ यांचे डीव्हीडी-ऑडिओचे मिक्स त्याचे. तो मागचे स्पीकर बिनधास्त वापरतो. जेम्स गथ्री ‘द वॉल’पासून पिंक फ्लॉइडबरोबर आहे आणि त्यांचे बरेच सराउंड मिक्स त्याचेच. बीटल्सचं काम जाइल्स मार्टिनकडे, म्हणजे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या मुलाकडे आहे. त्याचा हात जरा राखून चालतो. मला कधीकधी वाटतं की याने थोडं धाडस करावं, पण बीटल्सच्या बाबतीत जगभरचे लोक भिंग घेऊन बसलेले असतात, हेही खरं. डोअर्सचा ब्रूस बॉटनिक आणि रॉक्सी म्युझिकच्या ‘अ‍ॅव्हलॉन’चा बॉब क्लिअरमाउंटन या दोघांनी तर मूळ रेकॉर्डिंगच्या वेळीही काम केलेलं होतं.

क्वाड ही काय भानगड?

सराउंड ही डीव्हीडीनंतरची गोष्ट, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये पिंक फ्लॉइडने ‘अ‍ॅझिमथ को-ऑर्डिनेटर’ नावाच्या जॉयस्टिकच्या पेटीने आवाज श्रोत्यांभोवती फिरवला होता. कार्यक्रमानंतर ती पेटी चोरीला गेली आणि मग नवी बनवावी लागली.

सत्तरच्या दशकात कंपन्यांनी चार स्पीकरचा ‘क्वाड्राफोनिक’ बाजारात आणला. अडचण एलपीची होती. एका खाचेत दोनच चॅनेल सहज मावतात. सीबीएसच्या एसक्यू आणि सान्सुईच्या क्यूएस पद्धतीत चार चॅनेल दोनांत गुंडाळून पुन्हा उलगडायचे, आणि उलगडताना ते एकमेकांत मिसळायचे. जेव्हीसीच्या सीडी-४ मध्ये चारही वेगळे राहत, पण त्यासाठी ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरी वाचणारी खास सुई लागे. प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी, डिकोडर निराळा. लोक कंटाळले आणि दशक संपेपर्यंत प्रकार बंद पडला. पण स्टुडिओत तयार झालेल्या चार चॅनेलच्या मास्टर टेप कपाटात राहिल्या. आज त्या एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आणि ब्लू-रेवर निघतात, आणि एलपीवर त्या काळात कधीच धड ऐकू न आलेला मिक्स आपल्याला स्वच्छ मिळतो. राइनो कंपनीची ‘क्वाडिओ’ नावाची ब्लू-रे मालिका याच मालाची आहे. अशा डिस्कवर मधला स्पीकर आणि सबवूफरचा चॅनेल गप्प असतो. तो बिघाड नव्हे, मिक्सच चार चॅनेलचा आहे.

एक गंमत सांगतो. द हू बँडच्या १९७३ च्या अल्बमचं नावच ‘क्वाड्रोफेनिया’. तो क्वाडमध्ये यावा अशी पीट टाउनशेंडची इच्छा होती, पण तेव्हा क्वाड आवृत्ती निघालीच नाही.

डिस्क ओळखणं

डीव्हीडी-ऑडिओ फसवी वाटते, पण नवशिक्याला सर्वांत सोयीची. त्या डिस्कवर उच्च दर्जाच्या भागाबरोबर बहुधा डीटीएस किंवा डॉल्बी डिजिटल या दाबून साठवलेल्या सराउंड आवाजाचा भागही असतो, आणि तो कुठल्याही साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालतो. माळ्यावर पडलेला जुना प्लेअर, एक ऑप्टिकल केबल आणि रिसीव्हर एवढ्यावर किंग क्रिमसनची सराउंड डिस्क आज ऐकता येते. प्लेअरच्या मेनूत डिजिटल आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ ठेवा, ‘पीसीएम’ ठेवलंत तर फक्त स्टिरिओ येईल.

एसएसीडीला त्यासाठीचाच प्लेअर लागतो. बहुतेक एसएसीडी हायब्रिड असतात, म्हणजे साध्या सीडी प्लेअरवरही वाजतात, पण तेव्हा ऐकू येतो तो सीडीचा स्टिरिओ थर. सराउंड ऑप्टिकलमधून बाहेर येत नाही, एचडीएमआय किंवा प्लेअरचे मल्टिचॅनेल अॅनालॉग आउटपुट हवेत. प्लेअरच्या सेटिंगमध्ये एसएसीडीसाठी ‘मल्टि’ निवडायला विसरू नका. ओप्पो कंपनीने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, तेव्हापासून त्यांच्या जुन्या मशीनना सोन्याचा भाव आलाय. सोनीचा यूबीपी-एक्स८०० एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ दोन्ही वाजवतो. सुरुवातीचे काही प्लेस्टेशन ३ सुद्धा एसएसीडी वाचतात, घरात असेल तर मॉडेल तपासून बघा.

ब्लू-रे हा आजचा मार्ग. त्यावर पीसीएम, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ किंवा डॉल्बी ट्रूएचडीमधला, छतावरच्या स्पीकरसाठीही आवाज मांडणारा अ‍ॅटमॉस असतो. रिसीव्हर जुना असेल आणि त्याला अ‍ॅटमॉस कळत नसेल, तरी ट्रूएचडीचा गाभा त्यावर वाजतो. आपल्याकडचा ब्लू-रे विभाग ‘सी’ आहे, अमेरिकेचा ‘ए’, ब्रिटनचा ‘बी’. संगीताच्या बहुतेक ब्लू-रेवर विभागाचं बंधन नसतं, तरी मागवण्याआधी ‘ऑल रीजन’ लिहिलंय ना हे बघितलेलं बरं.

नव्वदच्या दशकातल्या डीटीएस सीडी कुठे सापडल्या तर जरा जपून. साध्या सीडी प्लेअरमधून स्टिरिओ अ‍ॅम्पवर लावलीत तर गाण्याऐवजी खरखराटाचा लोंढा येतो, आणि आवाज वाढवलेला असेल तर स्पीकर जाऊ शकतो.

जोडणी

प्लेअर थेट रिसीव्हरला जोडा. प्लेअर टीव्हीला आणि टीव्हीतून एआरसीने (आवाज परत पाठवणाऱ्या एचडीएमआय जोडणीने) रिसीव्हरला, ही आपल्या घरांतली नेहमीची रचना आहे आणि सराउंड संगीताचा घात नेमका तिथेच होतो. साध्या एआरसीतून पाच चॅनेलचं पीसीएम किंवा डीटीएस-एचडी जात नाही. ई-एआरसीतून जातं, पण मधला टीव्ही हवाच कशाला? जोडणी झाली की रिसीव्हरच्या पडद्यावर काय उमटतंय ते वाचा. ‘मल्टि चॅनेल इन’ किंवा ‘डीटीएस-एचडी एमएसटीआर’ असं आलं तर बरोबर. नुसतं ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ दिसत असेल तर मागे जा आणि मेनू तपासा.

खोली: सगळी मेहनत इथे करा

सिनेमात मागचे स्पीकर पाऊस, गर्दी, हेलिकॉप्टर एवढंच बोलतात. त्यामुळे पॅकेजमध्ये मागचे स्पीकर पिटुकले दिले तरी चालून जातं. रॉकच्या सराउंड मिक्समध्ये मात्र मागून अख्खी गिटार येते, ऑर्गन येतो, तीन माणसांचा कोरस येतो. म्हणून पाचही स्पीकर शक्यतो एकाच कंपनीच्या एकाच मालिकेचे हवेत. मोठे नसले तरी चालतील. पुढे दोन भारी टॉवर आणि मागे छटाकभर डबे घेण्यापेक्षा त्याच पैशात पाच सारखे बुकशेल्फ स्पीकर घ्या.

मांडणीचं माप असं. तुमचं डोकं वर्तुळाच्या मध्यावर आहे असं समजा आणि पाचही स्पीकर त्या वर्तुळावर ठेवा. मधला अगदी समोर, पुढचे दोन मध्यरेषेपासून ३०-३० अंशांवर, मागचे दोन ११० अंशांच्या आसपास, म्हणजे कानांच्या रेषेच्या जरासे मागे. पार पाठीमागे नव्हे. दहा बाय बारा फुटांची खोली असेल तर बारा फुटांची बाजू डावी-उजवीकडे येईल असे बसा. त्रिज्या पाच फूट घेतली तर पुढच्या दोन स्पीकरमध्ये पाच फूट अंतर येतं, मागच्या दोघांत साधारण साडेनऊ फूट, आणि मागचे दोघे तुमच्या कानांच्या रेषेपासून पावणेदोन फूट मागे येतात. म्हणजे आपल्याकडच्या बेडरूममध्येही हे सगळं मावतं.

मावत नाही तो सोफा. फ्लॅटमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो, आणि भिंतीला डोकं लावून बसलं की मागच्या स्पीकरना जागाच उरत नाही, शिवाय भिंतीपाशी खर्ज फुगतो. ऐकण्यापुरता सोफा दोन-अडीच फूट पुढे ओढा. रोज ओढणं जमणार नसेल तर एक साधी खुर्ची मध्यावर ठेवा. सराउंड हा एका वेळी एका माणसाने ऐकायचा प्रकार आहे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

स्पीकर कानाच्या उंचीला आणा. स्टँड नसेल तर स्टूल चालेल. मागचे स्पीकर भिंतीत वर ठोकलेले असतील तर निदान ते खाली झुकवा. वायर तांब्याची, १६ गेजची घ्या, स्कर्टिंगच्या कडेने फिरवा, आणि लाल टोक लालला, काळं काळ्याला हे प्रत्येक जोडावर दोनदा तपासा. एक जोड जरी उलटा झाला तरी त्या बाजूचा आवाज पोकळ होतो आणि नेमकं काय बिघडलंय ते चटकन कळत नाही.

सबवूफर थेट लादीवर ठेवला तर खालच्या मजल्यावरचे वर येतील. खाली जाड रबर द्या. सबवूफर नसेल तर सरळ मेनूत ‘नाही’ सांगा, त्याचा वाटा पुढच्या स्पीकरकडे वळतो. रॉकच्या मिक्समध्ये एलएफई (सबवूफरच्या खास) चॅनेलला फार काम नसतं, किक ड्रम आणि बेस बहुधा मुख्य चॅनेलमध्येच असतात.

सेटिंग

रिसीव्हरबरोबर आलेला माइक कानाच्या जागी ठेवून ऑडिसी, वायपीएओ किंवा खोली मोजून स्पीकर जुळवणारी जी सोय असेल ती चालवा. मग त्याने काय ठरवलं ते टेप घेऊन पडताळा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण १.१ फूट जातो, म्हणजे एखादा स्पीकर तीन फूट जवळ असेल तर त्याचा आवाज जवळपास तीन मिलिसेकंद आधी पोचतो आणि सगळं चित्र त्याच्याकडे कलतं. अंतर बरोबर भरलं की रिसीव्हर तेवढा उशीर घालतो. बुकशेल्फ स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा. टेस्ट टोन लावून प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलच्या आसपास आणा. फोनवरचं अ‍ॅप आकडा चुकीचा दाखवेल, पण पाचही स्पीकरना तीच चूक लागू होते, त्यामुळे तुलनेला चालतं.

मग बंद करायच्या गोष्टी: ‘हॉल’, ‘रॉक’, ‘स्टेडियम’ वगैरे सगळे मोड, रात्रीचा मोड, संवाद वाढवणारं बटण, आणि वर सांगितलेले अपमिक्सर. ‘प्युअर डायरेक्ट’ मोह पाडतो, पण काही रिसीव्हरमध्ये त्याने क्रॉसओव्हरही बंद होतो आणि छोट्या स्पीकरवर सगळा खर्ज पडतो. तुमच्या रिसीव्हरच्या माहितीपुस्तिकेत बघून ठरवा.

आता ऐका

पहिला अल्बम पाठ असलेलाच निवडा. नवीन संगीत आणि नवीन मांडणी एकाच वेळी समोर आली तर कशाचा परिणाम काय हे कळत नाही. आधी त्या अल्बमचा जुना स्टिरिओ एकदा पूर्ण ऐका, मग सराउंड, एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत. पहिल्यांदा फक्त ऐका. दुसऱ्यांदा उठून प्रत्येक स्पीकरजवळ मिनिटभर कान लावा. मागच्या डाव्या कोपऱ्यात इतकी वर्षं न ऐकलेली एक अख्खी गिटार सापडते, आणि जागेवर परत बसलात की ती पूर्ण मिक्समध्येही ऐकू यायला लागते. याची सवय झाली की स्टिरिओही वेगळा ऐकू येतो.

‘डार्क साइड’ हा सुरुवातीसाठी सगळ्यांनी सुचवलेला आणि तरी योग्यच. त्याचे दोन वेगळे मिक्स आहेत. एक अ‍ॅलन पार्सन्सचा. अ‍ॅबी रोड स्टुडिओत अल्बमचं रेकॉर्डिंग करणारा इंजिनिअर हाच, आणि १९७३ चा क्वाड मिक्सही त्याचाच. दुसरा गथ्रीचा, २००३ मध्ये एसएसीडीवर आलेला ५.१. २०११ च्या ‘इमर्शन’ पेटीत दोन्ही आहेत, आणि २०२३ मध्ये गथ्रीचा अ‍ॅटमॉस मिक्स ब्लू-रेवर आला. ‘टाइम’च्या सुरुवातीला वाजणारी घड्याळं पार्सन्सने मुळात क्वाडच्या प्रात्यक्षिकासाठी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन टेप केली होती. तो आवाज जन्मालाच चार कोपऱ्यांसाठी आला, आणि आपण तो इतकी वर्षं दोन स्पीकरवर ऐकत आलो. ‘मनी’मधली गल्ल्याची खणखण आणि ‘ऑन द रन’मधली पावलं ही पाहुण्यांना दाखवायची जागा. खरी परीक्षा ‘अस अँड देम’ची: शब्दामागून येणारे त्याचे पडसाद कुठे जातात आणि सॅक्सोफोन कुठून उगवतो ते बघा. गथ्रीचा मिक्स गुळगुळीत, पार्सन्सचा जास्त खोडकर. मला पार्सन्सचा जास्त आवडतो.

विल्सनने केलेला येसचा ‘क्लोज टु दि एज’ २०१३ मध्ये आला, मूळ अल्बम १९७२ चा. सुरुवातीला पक्षी आणि वाहतं पाणी आहे, त्यावरून तुमची मांडणी लगेच तपासता येते: पाणी खोलीभर हवं, पाच डब्यांतून वेगवेगळं नको. मग बँड एकदम तुटून पडतो आणि स्टिरिओत गिचमिड वाटणारा तो भाग इथे पहिल्यांदा मोकळा श्वास घेतो. पुढे रिक वेकमनचा चर्चमधला पाइप ऑर्गन येतो. तो येण्याआधी आवाज कमी करू नका, शेजाऱ्यांशी नंतर बोला.

‘अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा’ लावला की सगळे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’कडे धावतात, आणि आवाजांच्या थरांचा तो मधला भाग भारी आहेच. पण या डिस्कवरचा खरा ऐवज ‘द प्रॉफेट्स साँग’. त्याच्या मध्यावर वाद्यं थांबतात आणि फ्रेडी मर्क्युरी टेपच्या उशिरामुळे स्वतःच्याच आवाजाशी गाऊ लागतो: एक ओळ गायची, तीच काही क्षणांनी दुसरीकडून परत येते, तोवर हा पुढची गातोय. स्टिरिओत हे डावं-उजवं होतं. शायनरच्या मिक्समध्ये ते तुमच्याभोवती फिरतं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पहिला बँड काढणाऱ्या या मुलाच्या गळ्याची अशी ओळख दुसरीकडे होत नाही.

बीटल्सपैकी आधी ‘अ‍ॅबी रोड’ घ्या, २०१९ चा. ‘बिकॉज’मध्ये लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन तिघांनी तीनदा गाऊन नऊ आवाज केलेत, आणि सराउंडमध्ये ते मोजता येण्याइतके वेगळे होतात. ‘सार्जंट पेपर’वर हॅरिसनच्या ‘विदिन यू विदाउट यू’पाशी थांबा. लंडनमधल्या भारतीय वादकांची दिलरुबा, तबला, तंबोरा, स्वरमंडल यांची साथ पाश्चात्त्य तंतुवाद्यांपासून सुटी झाली की आपल्या कानाला ती लगेच ओळखू येते.

किंग क्रिमसनचा पहिला अल्बम, डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’, रॉक्सी म्युझिकचा ‘अ‍ॅव्हलॉन’ हे पुढच्या रांगेत. ‘अ‍ॅव्हलॉन’ रात्री, हळू आवाजात.

हेडफोन आणि स्ट्रीमिंग

अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ मध्ये डॉल्बी अ‍ॅटमॉस सुरू केलं तेव्हापासून फोनवर ‘सराउंड’ मिळू लागला. हेडफोनवर जे येतं ते दोन चॅनेलमध्ये बसवलेलं अनुकरण असतं. कुणाचे कान त्याला भुलतात, कुणाचे नाही. चव बघायला ठीक, पण त्यावरून अल्बमबद्दल मत बनवू नका. अ‍ॅपल टीव्हीसारखा डबा एचडीएमआयने अ‍ॅटमॉस रिसीव्हरला जोडला तर गोष्ट बदलते. वर छताचे स्पीकर नसले तरी मिक्स तुमच्या पाचांत बसवला जातो.

इथे एक फसगत टाळा. अ‍ॅटमॉस संगीताची सरासरी पातळी डॉल्बीच्या नियमानुसार उणे १८ एलयूएफएसच्या (एलयूएफएस हे आवाजाचा जोर मोजायचं एकक) वर जाऊ देत नाहीत, आणि नवे स्टिरिओ रीमास्टर त्याहून बरेच जोरात असतात. बटण बदलून तुलना केली की अ‍ॅटमॉस मिळमिळीत वाटतो. आवाज वाढवून सारखा करा, मग ठरवा. स्ट्रीमिंगवरचे सगळेच जुने अल्बम काळजीने केलेले नाहीत. इथेही मिक्सरचं नाव शोधायचं.

विकत घेताना

सराउंड डिस्क थोड्या निघतात आणि संपल्या की दुप्पट-तिप्पट किमतीला विकल्या जातात. पुष्कळदा सराउंडची डिस्क मोठ्या पेटीतच अडकलेली असते, बरोबर गोट्या, पोस्टकार्डं आणि तुम्हाला नको असलेली एलपी. घाई नसेल तर थांबा, काही अल्बमची ब्लू-रे नंतर सुटी मिळते. परदेशातून मागवताना पार्सलवर कस्टम ड्युटी लागू शकते, ती धरूनच हिशोब करा. एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन डिस्क एकदम मागवल्या तर टपालखर्च विभागला जातो. वापरलेली एसएसीडी घेताना पाठीमागे ‘मल्टि-चॅनेल’ छापलेलं आहे ना याचा फोटो मागा, कारण कित्येक एसएसीडी नुसत्या स्टिरिओ असतात.

पहिल्या खरेदीसाठी माझी शिफारस एकाच डिस्कची: विल्सनचा येस किंवा किंग क्रिमसन, सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओच्या जोडीतला. तो साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालतो. एसएसीडीचा प्लेअर त्यानंतर, आणि तोही हव्या असलेल्या चार-पाच डिस्कची यादी हातात असेल तरच.